चौकटीतली माटोळी

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की आमच्याकडे माटोळीची, गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांची, यादी निघते. आत्येने सांगितलेली, मी टंकून घरच्या सर्व्हरवर ठेवलेली. जेवण झाल्यावर टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, फाइल उघडली, तर कांगणं नाहीत, आंबाडे नाहीत, कवंडळं नाहीत. ओळीमागून ओळ नुसत्या रिकाम्या चौकटी. नव्या लॅपटॉपवर देवनागरी फॉन्टच नव्हता.

मला चौकटीचा राग येत नाही. अक्षर जागेवर असतं, या फॉन्टकडे त्याचं रूप नसतं एवढंच. चौकटी उचलून दुसरीकडे चिकटवा, आंबाडे जसेच्या तसे उतरतात. धास्ती वाटते ती काळ्या हिऱ्यातल्या प्रश्नचिन्हाची. तिथे बाइट, म्हणजे अक्षरामागचे साठवलेले आकडे, वाचण्यातच घोटाळा झालेला असतो, आणि तशीच फाइल सेव्ह केली तर मूळ अक्षर गेलंच म्हणायचं. यूनिकोडआधीचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक ठरण्याआधीचे, फॉन्ट तर आणखी बेरकी. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले. फॉन्ट नसला की आरतीचीसुद्धा एबीसीडी व्हायची.

लहानपणी म्हापशाला आमच्या शेजारी छापखाना होता. जत्रेच्या दिवसांत पत्रकांवर म्हाळसा, मंगळागौर, मळा, सगळीकडे ‘ळ’, आणि पेटीत ‘ळ’चे खिळे, छपाईची धातूची अक्षरं, मोजकेच. संपले की जुळारी दुसराच एखादा खिळा उलटा, बूड वर करून खोचायचा. कच्च्या छपाईत तिथे काळा ठसा उमटे. दुसऱ्या छापून झालेल्या पानाचे खिळे सुटले की खरा ‘ळ’ येऊन बसे. मला वाटायचं, काळ्याखाली शिवी लपवली आहे. म्हाळसेच्या नावात शिवी! बरेच दिवस मी त्या कल्पनेवर खूश होतो. जपानी छापखान्यांतली अशा उलट्या खिळ्याची खूण, दोन जाड आडव्या रेघा, यूनिकोडमध्ये मानाने जाऊन बसली आहे. आमच्या काळ्या ठशाला मात्र कुणी विचारलं नाही.

असो. नोटोचा देवनागरी फॉन्ट घातला, चौकटी गेल्या. तरी टर्मिनलला प्रत्येक अक्षर मोजून एकसारख्या घरात बसवायचं असतं. यादीतल्या ‘घागऱ्या’तला ‘र’ पाय मोडून वेगळा उभा राहिला. चालायचंच.

पण सर्व्हरला थेट पडदा जोडला की त्यावरच्या लिनक्स प्रणालीच्या साध्या कन्सोलवर, खिडक्यांविनाच्या नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, फॉन्टमध्ये फार तर ५१२ आकृत्या मावतात. आपल्या जोडाक्षरांनी तिथे कुठे बसावं? म्हणून फायलींना मी रोमन नावं देत आलो. आता जिथे गरज नसते तिथेही हात आपसूक रोमनकडेच जातो. हे मात्र मला अजिबात आवडत नाही.