विंडोज टेन संपलं म्हणे!

“विंडोज टेन संपलं म्हणे. आता काय, नवा कॉम्प्युटर घ्यायचा?”

गेल्या दिवाळीपासून हा प्रश्न मला दुकानात, मंडईत, मुंजीच्या पंगतीत जिलबी वाढताना आणि एकदा चक्क दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंडात कापूस असताना विचारला गेलाय. तिथे उत्तर देता आलं नाही. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सगळं एकदाच लिहून काढते.

मी साताऱ्यात डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. मशीन बसलं की काम बसतं, आणि मेकॅनिक ‘निघालोच’ म्हणून दोन दिवस येत नाही. त्या वैतागापायी वीस वर्षांपूर्वी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, तो काही खाली ठेवता आला नाही. तेव्हापासून ‘हिला कॉम्प्युटरातलं कळतं’ अशी माझी ख्याती आहे.

तर थोडक्यात उत्तर: घेऊ नका. निदान घाईने नको, आणि यंदा तर नकोच.

आता झालंय काय ते बघू. विंडोज टेन, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं मायक्रोसॉफ्टचं मूळ सॉफ्टवेअर, आलं २९ जुलै २०१५ ला. ‘विंडोजची ही शेवटचीच आवृत्ती’ असं तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने एका परिषदेत सांगितलं होतं, आणि आम्ही भाबड्यांनी ते खरं मानलं. २०२१ च्या ऑक्टोबरात विंडोज इलेव्हन आलं. टेनचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा दुकानांच्या जाहिराती पेपराच्या घडीतून खाली पडत असतात. लोकांच्या पडद्यावर सूचना झळकल्या आणि घरोघरी समज झाला, की १५ तारखेला मशीन सुरूच होणार नाही. ते सुरू झालं. आजही होतंय. थांबलीय ती दर महिन्याची डागडुजी. सॉफ्टवेअरमध्ये भोकं सापडत राहतात आणि कंपनी ती बुजवत राहते. आता टेनची भोकं फुकटात आणि आपोआप बुजणार नाहीत, एवढंच.

‘एवढंच’ म्हटलं म्हणून हलक्यात घेऊ नका. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस आठवतोय? इंग्लंडातल्या सरकारी दवाखान्यांचे कॉम्प्युटर त्याने कुलूपबंद केले होते. त्या भोकावरचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी लावलं नाही, ते अडकले. आणि त्यातले बहुतेक बळी जुन्या, पाठिंबा संपलेल्या विंडोज एक्सपीचे नव्हते बरं का, विंडोज सेव्हनचे होते, ज्याला तेव्हा व्यवस्थित अपडेट मिळत होते. म्हणजे अपडेट मिळणं वेगळं आणि लावणं वेगळं. आपल्याकडे ‘विंडोज टाकून देणारा’ मुलगा जाताजाता अपडेट बंद करून जातो, ‘नाहीतर स्लो होतं काकू’ म्हणून. अशी कितीतरी मशिनं मी उघडून पाहिलीत. त्यांच्या मालकांनी १४ ऑक्टोबरची धास्ती घेतली, तेव्हा हसावं की रडावं कळेना. त्यांचं विंडोज टेन त्या मुलाने केव्हाच संपवलं होतं.

आता आत्याची गोष्ट सांगते, कारण तुमच्यापैकी निम्म्यांची गोष्ट तीच असणार.

आत्याकडे २०१७ साली असेंबल करून घेतलेला पीसी आहे. त्याचा प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, इंटेलचा आय-फाइव्ह, सातवी पिढी. तिचा मुलगा बंगळुरूला. तो फोनवर म्हणाला, “आई, टाकून दे तो डबा, नवीन घे.” आत्या एका दुकानात गेली. तिथल्या पोराने मशीन न बघताच सांगितलं, “प्रोसेसर आउटडेटेड आहे, काही होणार नाही.” आणि कोटेशन हातात ठेवलं. ते कोटेशन घेऊन ती माझ्याकडे आली. “स्लो तर झालाच आहे गं,” म्हणाली.

सीपीयू उघडला. (आपल्याकडे अख्ख्या कॅबिनेटलाच सीपीयू म्हणतात. बरोबर नाही, पण मीही तेच म्हणते.) आत धुळीची गोधडी. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांवर काळी साय, आणि पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात पालीची तीन अंडी, पांढरीशुभ्र, साबुदाण्यापेक्षा जरा मोठी. आत्या चार पावलं मागे सरली. ब्रश मारला, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावली. मग खरा आजार दिसला: जुनी, फिरणारी हार्ड डिस्क. ती काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क, लावली. आधी चालू होता होता चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. आता चष्मा शोधेपर्यंत पडदा समोर येतो. प्रोसेसर तोच आहे बरं का, आउटडेटेड.

मग हा प्रोसेसर विंडोज इलेव्हनला का चालत नाही? इंटेलची आठवी पिढी आणि पुढे, एएमडीचे रायझन २००० पासून पुढे, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि सिक्युअर बूट (मशीन चालू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय), अशा अटी आहेत. टीपीएमचं कारण मला पटतं. पासवर्ड आणि डिस्कच्या किल्ल्या वेगळ्या तिजोरीत ठेवणं चांगलंच. पण सातवी पिढी बाहेर आणि आठवी आत, ही रेघ कुठून आली? दोन्हींच्या गाभ्यात फारसा फरक नाही. गंमत अशी, की सातव्या पिढीतल्या मोजक्याच प्रोसेसरांना नंतर आत घेतलं गेलं. त्यातला एक आय-सेव्हन ७८२०एचक्यू, आणि तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये बसवलेला होता. घरच्या मुलाला पास करायला दोन मार्क वाढवून द्यावेत, तसं. यावर मी आणखी काही बोलत नाही.

तुमचं मशीन आठव्या पिढीचं किंवा नंतरचं असून ‘चालणार नाही’ असा निरोप येत असेल, तर आधी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन बघा किंवा बघायला सांगा. टीपीएम बहुतेकदा प्रोसेसरातच असतो, फक्त बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. एक खटका चालू केला आणि कोटेशन फाडून टाकलं, असं माझ्यासमोर दोनदा झालंय.

आत्यासाठी मात्र तो मार्ग नव्हता. तिच्या टेनला मुदतवाढ घेतली. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहे. सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’मध्ये ‘एनरोल नाऊ’ असं दिसतं. टेनची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२, असायला हवी. तीस डॉलरच्या आसपास पैसे भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत शिरून सेटिंग्जचा बॅकअप चालू करा, मग फुकट. एका परवान्यावर दहा मशिनं चालतात. आम्ही फुकटचा मार्ग धरला. काम पाच मिनिटांचं, वेळ लागला दीड तास, कारण खात्याचा पासवर्ड मुलाकडे, मुलगा मीटिंगमध्ये, आणि ओटीपी जायचा तो २०१९ मध्ये बंद केलेल्या नंबरवर. युरोपातल्या लोकांना ग्राहक संघटनांच्या दबावानंतर या बॅकअपच्या अटीतून सूट मिळाली. आपण तीस डॉलर किंवा ओटीपीची वाट बघायची.

आता यंदाच का नको, ते. दुकानातल्या माझ्या मशीनमध्ये आणखी आठ जीबी रॅम (चालू कामापुरती मेमरी) टाकायची म्हणून परवा पुण्याच्या व्यापाऱ्याला फोन केला. भाव ऐकून मला वाटलं, सोळाचा सांगतोय. “आठचाच आहे ताई. आणि आजचा भाव आज. उद्याचं विचारू नका.” हे आजवर मी फक्त सोनाराकडे ऐकलं होतं.

कारण फार लांबचं नाही. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी एचबीएम नावाची मेमरी त्याच कारखान्यांत बनते, तेवढ्याच क्षमतेसाठी सिलिकॉनची जागा कितीतरी पट जास्त खाते, आणि पैसाही जास्त देते. मग तुमच्याआमच्या पट्टीला कोण विचारतो? डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने जाहीरच केलं, की क्रुशल या नावाने किरकोळ ग्राहकांना विकायचा धंदा आपण गुंडाळतोय. साध्या माणसाने डोळे मिटून घ्यावी अशी ती रॅम होती. रॅमच्या मागोमाग एसएसडीही महागली. आत्याची मी भाव चढायच्या आधी घेऊन ठेवलेली होती, म्हणून ती स्वस्तात सुटली. नवा पीसी घ्याल तर या दोन्हींचा चढा भाव त्यातच धरलेला असणार. आणि हो, ‘जीएसटी कमी झाला ना?’ हेही विचारतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले. कॉम्प्युटर आधीपासूनच १८ वर होता, तिथेच आहे.

विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या लिनक्सचं काय, असं तरुण मंडळी विचारतात. माझ्या दुसऱ्या मशीनवर लिनक्सचाच मिंट नावाचा प्रकार आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठी झकास टाइप होतं, ब्राउझर, पत्रं, हिशोब, सगळं चालतं. अडतं ते कडेकडेला. सीए लोकांचं डिजिटल सहीचं टोकन कुरकुरतं, आणि प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात असतो तो जुना लेझर प्रिंटर माझ्याकडे लिनक्सवर तीन दिवस रुसून बसला होता. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्येच होतं, त्यांनी खुशाल टाकावं. आत्याला मी सुचवलं नाही. तिच्या भिशीचे हिशोब एक्सेलमध्ये आहेत, आणि त्यांना हात लावायची माझी छाती नाही.

जाता जाता माझ्याच दुकानातल्या म्हाताऱ्याबद्दल सांगते. कोपऱ्यात एक पीसी आहे, त्यावर विंडोज एक्सपी. त्याचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला. वर पानं जुळवायचं सॉफ्टवेअर पेजमेकर ७, जे २००१ सालचं. मागच्या लांबट प्रिंटर-पोर्टला फॉन्टचं लॉक लावलेलं. ते काढलं की मराठी फॉन्ट चालत नाहीत. या मशीनला इंटरनेटची वायर मी कधीच लावू देत नाही, पेनड्राइव्हही तपासल्याशिवाय नाही. म्हणून ते तग धरून आहे.

ते मी ठेवलंय, कारण गेल्या पावसाळ्यात पाटणकडचे एक गृहस्थ आले. वडिलांनी २००३ मध्ये घराण्याची हकिकत टाइप करून घेतली होती, ऐंशी पानं. वडील गेले, जुना पीसी भंगारवाल्याला दिला, फाइल तेवढी पेनड्राइव्हवर घेतली होती. नव्या लॅपटॉपवर उघडली तर इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं, मधेच पौंडाचं चिन्ह. ते म्हणाले, “व्हायरस लागलाय.” व्हायरस नव्हता. युनिकोड (सगळ्या मशिनांवर अक्षरं सारखीच दिसणारी पद्धत) रुळण्याआधीच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचा तुकडा बसवलेला असायचा. ‘क’चं पोट एका घरात, काना दुसऱ्या, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी. तो फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर कचरा. आणि प्रत्येक कंपनीची घरं वेगळी.

ती फाइल एक्सपीवर नेली, फॉन्टांच्या यादीतून एकेक लावत गेले. सातव्याला पडद्यावर ‘श्री कुलस्वामिनी प्रसन्न’ उमटलं. गृहस्थ काही बोलले नाहीत, खुर्ची पुढे ओढून वाचत बसले. युनिकोडात करायला मला आठ दिवस लागले. कन्व्हर्टरने नव्वद टक्के होतं, रफार आणि जोडाक्षरं हातानेच नीट करावी लागतात.

तेव्हा मशीन खरंच टाकायचं ठरलं असेल, तर टाकण्याआधी त्यातल्या जुन्या मराठी फाइली तिथेच उघडा आणि निदान पीडीएफ तरी करून घ्या. हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवा, भंगारात देऊ नका. तीत तुमच्या पॅन कार्डाचा स्कॅन असणार, पैज लावते.

आत्याने १३ ऑक्टोबरला कॅलेंडरवर गोल केलाय. नवरात्रातच येतो. “तेव्हा बघू,” म्हणाली, “दसऱ्याला झेंडूची माळ कुठल्या मशीनला घालायची ते.” मी तोवर रॅमचा भाव विचारत राहणार आहे.