एकच मशीन, तीन चेन: आंबा, बाभूळ आणि फळ्या

मंडळी, मागचे चार रविवार फक्त चेनसॉच्या, म्हणजे लाकूड कापायच्या मशीनच्या, चेनमध्ये गेले. मशीन तेच, ५८ सीसी, १८ इंची बार, म्हणजे जिच्या कडेनं चेन फिरते ती पट्टी. पण कुठल्या लाकडाला कुठली चेन, हे यावेळी नीट करून बघितलं. लाकूड सगळं पडलेलंच, उभ्या झाडाला हात लावलेला नाही.

आधी मापाचं सांगतो कारण पहिला रविवार त्यातच गेला. माझ्या बारला लागते ०.३२५ इंच पिच, ०.०५८ इंच गेज, ७२ ड्राइव्ह लिंक. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर भागिले दोन, आणि गेज म्हणजे ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची, जाडी. शहरातल्या एका दुकानातून नवीन चेन आणली, लिंक मोजल्या तर बरोबर ७२, स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, मस्त बसली, फिरलीपण. पण ओंडक्यात चार इंच उतरली की काप उजवीकडे पळायचा. मला वाटलं एका बाजूचे दात लहान झालेत, पण चेन नवीन, तरी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावून सगळे ३६ दात मोजले, १८ डावे १८ उजवे, सगळे सारखे. मग ड्राइव्ह लिंक मोजली तर १.३ मिलिमीटर, आणि खाच १.५ ची! म्हणजे ०.०५० ची चेन दिलेली. नुसता ०.२ चा फरक, पण तेवढ्यात चेन खाचेत कलते आणि काप तिरका जातो. परत दिली, बदलून मिळाली. तेव्हापासून दुकानातच व्हर्नियर लावतो, दात नंतर बघतो, लिंकची जाडी आधी.

आता आंबा. वळवाच्या वाऱ्यात मामांच्या शेतात, राधानगरीकडं, एक जुना आंबा मुळासकट आडवा झाला. ओलं, स्वच्छ लाकूड. इथं फुल चिझल लावली, म्हणजे ज्या दाताचा कोपरा चौकोनी, टोकदार असतो ती. लोण्यासारखी गेली राव, मशीन दाबायलाच लागत नव्हतं, आणि खाली पडत होत्या नखाएवढ्या जाड ढलप्या. आडव्या कापात, म्हणजे ओंडक्याचे तुकडे पाडताना, अशा ढलप्या पडल्या की धार बरोबर आहे समजायचं.

तीच चेन तशीच घेऊन पुढच्या रविवारी प्रयाग चिखलीकडं बाभळीवर गेलो आणि तिथं सगळा फरक कळला. पुराच्या पाण्यात बुडून वर आलेला, दोन उन्हाळे वाळलेला ओंडका, सालीच्या प्रत्येक भेगेत नदीचा गाळ वाळून घट्ट बसलेला. पहिला काप कसाबसा झाला, दुसऱ्यात पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला, धूर यायला लागला, मशीन रेटावं लागायला लागलं. मामा सोबत होते, म्हणाले, "आरं थांब, त्यो दगड हाय, लाकूड न्हवं." थांबलो. दात उन्हात धरून भिंगातून बघितला तर कोपऱ्यावर पांढरी चमकणारी रेघ. धार असेल तर तिथं काहीच चमकत नाही, रेघ चमकली म्हणजे कोपरा गोल झाला. आणि फुल चिझलचं सगळं काम त्या कोपऱ्यावरच चालतं, तो गेला की संपलं.

मग सेमी चिझल चढवली. हिचा कोपरा मुळातच थोडा गोलसर, त्यामुळं स्वच्छ लाकडात जरा हळू चालते पण माती, वाळकं, कठीण लाकूड यात धार कितीतरी जास्त टिकते. शिवाय काप जिथं घ्यायचा तिथली चार बोटं साल कुऱ्हाडीनं तासून काढली. पाच काप झाले, मग धारेला कानस मारली. बाभूळ, वाळलेली चिंच, गाळातलं, रस्त्याकडेचं लाकूड याला मी आता दुसरं काही लावणार नाही.

कानस ०.३२५ च्या चेनला ४.८ मिलिमीटरची गोल, कोन ३० अंश. रेकर, म्हणजे दाताच्या पुढचा तो छोटा उंचवटा, दाताच्या माथ्यापेक्षा ०.०२५ इंचच खाली ठेवा. जास्त पाडला तर दात मोठा घास घेतो, मशीन हिसका देतं आणि बारच्या टोकाच्या वरच्या भागाला काही लागलं तर किकबॅक, म्हणजे बार उसळून अंगावर येणं, जोरात बसतो. हे कृपा करून हलक्यात घेऊ नका. छाटणीला माझा चुलत भाऊ १४ इंची छोटं मशीन वापरतो, त्याला ३/८ इंच पिचची लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या दातांची, लो किकबॅकवालीच चेन घ्यायला लावली.

एक जाता जाता, हे डावे उजवे दात ज्यो कॉक्स नावाच्या अमेरिकेतल्या ओरेगनच्या लाकूडतोड्याला १९४६ साली सुचले, लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे बघून. अळी डावीउजवीकडे खात आत जाते. कानस मारताना दरवेळी आठवतं.

शेवटचा रविवार फळ्यांचा, आणि मला सगळ्यात जास्त आवडलेला. आंब्याच्या बुंध्यावर रेल बसवून मिलनं, म्हणजे मशीन सरळ चालवायच्या चौकटीनं, फळ्या पाडल्या. अशा उभ्या, म्हणजे ओंडक्याच्या लांबीनं जाणाऱ्या, कापात दात लाकडाच्या तंतूंच्या तोंडावरच चालतो, तिथं ३० अंशाचा दात बाजूला ओढतो आणि फळीवर ओरखडे उठतात. म्हणून जुन्या चेनचे ३६ च्या ३६ दात १० अंशावर घासून घेतले, दीड तास लागला. पहिली फळी उचलली आणि हात फिरवला, रंध्याला फार काम ठेवलं नव्हतं. इथं भुसा बारीकच पडतो, बाभळीसारखं धार गेली म्हणून घाबरू नका. उलट मिल न लावता, बार ओंडक्याच्या लांबीला समांतर धरून बाजूनं चिरला तर शेवयांसारखे लांब धागे निघतात आणि स्प्रॉकेटच्या कव्हरमध्ये तुंबतात, सारखं उघडून साफ करावं लागतं. आणि ही १० अंशवाली आडव्या कापाला वापरू नका, फारच हळू जाते.

दोन इंची सहा फळ्या निघाल्या. टोकांना रंग मारून, मध्ये पट्ट्या घालून मामांच्या गोठ्याच्या माळ्यावर रचल्यात, वरून दगड ठेवलेत. सध्या मशीनवर सेमी चिझल आहे, बाभळीचा अर्धा ओंडका अजून तिथंच पडलाय.