हंगाम सरल्यावर बोर्डी

समुद्रावर जायचे असे नाशिकमध्ये कोणी म्हटले, की चर्चा लगेच अलिबाग, दिवेआगर, दापोली नाहीतर थेट मालवणकडे वळते, आणि मग गाडी कोणाची, डिझेल किती, रजा किती या हिशेबात तो बेत बहुधा बारगळतो. पाठीवर एक पिशवी घेऊन आणि खिशाला झेपेल असे फिरायचे असेल, तर माझ्या मते खोलीच्या भाड्याआधी अंतराकडे पाहावे. स्वस्त खोलीच्या मोहाने दूर गेलेल्या माणसाचे पैसे आणि दिवस दोन्ही रस्त्यातच संपतात. या हिशेबाने नाशिककराला परवडणारा समुद्र पालघर जिल्ह्यात, डहाणू आणि बोर्डीच्या बाजूला आहे. पावसाळ्यात तर आपल्याकडची सगळी गर्दी त्र्यंबक, इगतपुरी आणि भंडारदऱ्याच्या धबधब्यांवर लोटलेली असते. समुद्राकडे त्या दिवसांत फारसे कोणी फिरकत नाही.

एसटीचा रस्ता त्र्यंबक, तोरंगण घाट, मोखाडा, जव्हार, कासा आणि चारोटी असा डहाणूला उतरतो. थेट गाडीच्या वेळा नाशिकच्या ठक्कर बाजार बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर विचारून घ्याव्यात. ती चुकली तर जव्हारला गाडी बदलावी आणि त्याचे दुःख करू नये. २०२३च्या मार्चपासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे माझ्यासारखीला हा प्रवास आणखी हलका पडतो. पुरुष मंडळींनी, आणखी चार ठिकाणी फिरायचे असल्यास, महामंडळाच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ या चार किंवा सात दिवसांच्या पासाचा हिशेब जरूर करून पाहावा. गोदावरी आणि वैतरणा या दोन्ही नद्या त्र्यंबकच्याच डोंगरांत उगम पावतात, पण एक आपल्या दारावरून पूर्वेला जाते आणि दुसरी पश्चिमेचा समुद्र गाठते. नाशिककराने आयुष्यात एकदा तरी या दुसऱ्या नदीच्या बाजूने घाट उतरून पाहावा.

जव्हारच्या थांब्यावर पहिल्या पावसानंतर आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसलेल्या असतात. जांभळट, मिटलेल्या छत्रीसारखे दिसणारे हे कोंब वर्षातले थोडेच दिवस मिळतात. मी एक जुडी उचलली, तेव्हा विकणाऱ्या आजींनी न विचारताच शेजारच्या ढिगातली काकडे, म्हणजे छोटी आंबट हिरवी फळे, मूठभर घालून दिली आणि वर बजावले, “आतलं पिवळं काढून टाक, नायतर घसा खाजंल.” काकडांच्या आंबटपणाने शेवळांची खाज मरते, हे तिकडे पोरांनाही ठाऊक असते. ही जुडी मी बोर्डीत ज्यांच्याकडे उतरले होते त्या मावशींच्या हातात दिली आणि रात्रीच्या जेवणात भाकरीबरोबर तिची भाजी आली.

डहाणू रोड स्थानकापासून बोर्डीला एसटी किंवा शेअर रिक्षा मिळते आणि नरपड, चिखले, घोलवड अशी गावे घेत चिकूच्या वाड्यांमधून जाते. राहण्याच्या बाबतीत मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. हंगाम नसला की सगळेच स्वस्त होते, असे नाही. बरेच काही सरळ बंद होते. रिसॉर्टवाले दुरुस्त्या काढतात, घरगुती सोय करणारे पाहुणे नसल्याने स्वयंपाक आवरता घेतात, आणि जाहिरातीतला फोन लागला तरी पलीकडून “आता कोणी नाही हो” असे उत्तर येते. म्हणून आधी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात : जेवण मिळेल का, वीज गेली तर काय सोय आहे, आणि खोली वरच्या मजल्यावर आहे का. तळमजल्याच्या भिंती पावसात घाम फुटल्यासारख्या ओल्या होतात आणि तिथे वाळत घातलेला टॉवेल निघायच्या दिवशीही तसाच ओला असतो. भाड्यात घासाघीस करण्यापेक्षा मधल्या वारी जावे आणि एकाच घरी सलग राहावे. मालक आपणहून भाडे कमी करतात, असा माझा अनुभव आहे.

बोर्डीचा किनारा अतिशय सपाट आहे. शिवाय खंबातच्या आखातापासून तो फार लांब नसल्यामुळे इथे भरती-ओहोटीतले अंतर मोठे असते. ओहोटीला पाणी इतके मागे हटते, की सुरूच्या बनातून समुद्र शोधावा लागतो, आणि भरतीला तेच पाणी वेगाने परत येते. त्यामुळे इथला दिवस घड्याळापेक्षा तिथीवर आखावा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. त्यापासून साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे आणि बोर्डीला तो थोडा पुढे सरकतो, पण घरच्या दिनदर्शिकेवर बेत ठरवायला पुरेसा आहे. अमावास्येच्या आसपास गेलात तर सकाळ-संध्याकाळ वाळूवर मैलभर चालता येते आणि ऐन दुपारी उधाण पाहता येते. पाण्यात मात्र उतरू नये. या दिवसांत किनाऱ्यावर हाक मारायलाही कोणी नसते.

माशांच्या आशेने जाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. पापलेट कुठे मिळेल असे मी विचारताच मावशी म्हणाल्या, “ताई, मिळेल ते बर्फातलं. त्यापेक्षा सुके बोंबील करते.” सुके बोंबील, जवळा आणि खाडीतल्या चिंबोऱ्या हेच पावसाळ्यातले तिथले खरे जेवण आहे आणि ते हंगामातल्या थाळीपेक्षा स्वस्तही पडते.

पिशवीत जीन्स मुळीच नको. आतून एक मोठी प्लास्टिकची पिशवी लावावी, विजेरी घ्यावी आणि रोख रक्कम जवळ ठेवावी, कारण पावसात रेंज गेली की मोबाइलने पैसे देणे थांबते. नाशिकहून नेलेला चिवडा पहिल्याच रात्री सादळला, तेव्हा खाऊ न्यायचाच तर घट्ट झाकणाच्या डब्यातून न्यावा.

पाऊस धो-धो लागला तर बालशिक्षणाच्या कामासाठी ओळखल्या जाणाऱ्या कोसबाडच्या टेकडीकडे जावे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते काम कोसबाडला गेले; अनुताई वाघ त्यात अखेरपर्यंत होत्या.

हा तालुका इतका शांत कसा राहिला, याला कारण आहे. केंद्र सरकारने १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना लगाम बसला. आता डहाणूच्या दक्षिणेला वाढवण येथे ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचे बंदर व्हायचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले, आणि मच्छीमारांचा विरोध त्याच्याही कितीतरी आधीपासूनचा आहे. एक पाहुणी म्हणून मी त्यावर निवाडा देणार नाही, पण ज्यांना हा किनारा असा पाहायचा आहे त्यांनी फार लांबणीवर टाकू नये.

श्रावणात जाणार असाल तर परतीचा वार जपून निवडा. रविवारी-सोमवारी त्र्यंबकचा रस्ता भाविकांनी भरलेला असतो, आणि तिसऱ्या सोमवारी तर ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेमुळे आपली गाडी तिथे किती वेळ अडकेल याचा नेम नसतो. परतीला मंगळवार किंवा बुधवार धरावा.