रुग्णालयातला थांबलेला वेळ

एखाद्या रुग्णालयाने ‘लीन’ पद्धत, म्हणजे टोयोटा या जपानी मोटार कंपनीची काम आखण्याची रीत, स्वीकारायचे ठरवले की पहिला बदल दिसतो तो भिंतींवर आणि फरशीवर. भिंतींवर पांढरे फलक लागतात, त्यांवर लाल-हिरवे ठिपके उमटतात. फरशीवर पिवळ्या पट्ट्या मारून ट्रॉली, व्हीलचेअर आणि ऑक्सिजनचे सिलिंडर यांच्या जागा आखल्या जातात. कपाटांवर लेबले चिकटतात. हे सगळे चांगलेच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण रुग्णालयांच्या कामकाजाशी नेहमीचा संबंध असल्यामुळे एक गोष्ट मला वारंवार जाणवते. पट्ट्या मारून झाल्यावरही रुग्ण पूर्वीइतकाच ताटकळलेला असतो, कारण टोयोटाकडून जे घ्यायचे होते ते फरशीवर नव्हतेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर ताइइची ओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोयोटाच्या कारखान्यांत जी उत्पादनपद्धती उभी केली, तिला ‘लीन’ हे नाव बऱ्याच उशिरा, १९८८ मध्ये जॉन क्राफ्चिक यांच्या एका लेखातून मिळाले. त्या पद्धतीचे दोन खांब आहेत. हवी ती वस्तू, हवी तेव्हा, हवी तेवढीच पुढच्या टप्प्याला मिळावी, हा पहिला. आणि काही चुकले तर काम तिथल्या तिथे थांबावे, दोष पुढे सरकू नये, हा दुसरा. रुग्णालये पहिल्या खांबाची हौसेने नक्कल करतात आणि दुसऱ्याकडे काणाडोळा करतात. परिणामी पहिलाही नीट उभा राहत नाही.

रुग्णालयातल्या हालचालींचा अभ्यास ही काही टोयोटानंतरची कल्पना नाही, हे जाता जाता नोंदवायला हवे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फ्रँक गिलब्रेथ या अमेरिकी अभियंत्याने शस्त्रक्रियांचे निरीक्षण केले होते. शल्यचिकित्सकाने स्वतः उपकरण शोधत बसण्याऐवजी ते परिचारिकेने त्याच्या हातात द्यावे, या आज सर्वमान्य झालेल्या रीतीचा आग्रह त्याने धरला होता. मात्र गिलब्रेथचे लक्ष काम करणाऱ्याच्या वेळेवर होते. लीन पद्धत रुग्णालयात आणताना पाहायचा असतो तो रुग्णाचा वेळ, आणि हे दोन वेळ मोजू लागल्यावर अगदी वेगळी चित्रे समोर येतात.

घरी सोडण्याची प्रक्रियाच पाहू. सकाळी नऊच्या राउंडला वरिष्ठ डॉक्टर खाटेपाशी उभे राहून सांगतात, “आज घरी जायला हरकत नाही.” रुग्ण आणि नातेवाईक आवराआवर सुरू करतात. राउंड अकरापर्यंत चालतो. तोवर कनिष्ठ डॉक्टर सोबत फिरत असतात, त्यामुळे सर्व रुग्णांचे डिस्चार्ज कार्ड लिहायला ते राउंड संपल्यावरच बसतात. एका कार्डात कालच्या तपासणीचा अंतिम अहवाल नमूद करायचा असतो, तो आलेला नसतो. प्रयोगशाळेत फोन केल्यावर कळते की तो तयार आहे, फक्त सही राहिली आहे. न वापरलेली औषधे फार्मसीला परत गेल्याशिवाय हिशेब बंद होत नाही, आणि औषधे परत नेणारा कर्मचारी वॉर्डात दिवसातून ठरावीक वेळीच येतो. त्यानंतर बिल, मग विमा असेल तर त्याची मंजुरी, मग व्हीलचेअर. खाट रिकामी होते तेव्हा दुपार उलटलेली असते, आणि ती स्वच्छ झाल्याचे तातडीच्या विभागाला कळायला आणखी वेळ जातो. तिथे सकाळपासून एक रुग्ण स्ट्रेचरवर पडून असतो आणि सगळे म्हणत असतात की खाटा कमी पडतात.

या दिवसात कोणीही रिकामे बसलेले नव्हते, हे विशेष. प्रत्येकाची धावपळच चालली होती. डिस्चार्जच्या कामात प्रत्यक्ष हात चालले ते फार तर तासभर. उरलेला सगळा वेळ कागद दोन टेबलांच्या मधे पडून होता. म्हणून ‘कर्मचाऱ्यांनी जरा चपळाई दाखवावी’ असा फतवा काढून काहीही साधत नाही. साधते ते कामाचा क्रम बदलल्याने. डिस्चार्ज कार्डाचा मसुदा आदल्या संध्याकाळीच तयार ठेवला, राउंडमध्ये त्याच खाटेपाशी तो पुरा केला, घरी जाऊ शकणाऱ्या रुग्णांना राउंडमध्ये आधी पाहिले आणि औषधांचा परतावा दुपारच्या फेरीसाठी न थांबता कार्डासोबतच निघाला, तर कोणाचेही श्रम न वाढता काही तास वाचतात. कामांचा गठ्ठा साठवून एकदम उरकण्याऐवजी एकेक काम पूर्ण करून पुढे सरकवणे, हेच तर कारखान्यातले मूळ तत्त्व आहे.

त्या तासांची किंमत किती, हे जॉन लिट्ल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या एका साध्या समीकरणाने काढता येते. व्यापलेल्या खाटांची सरासरी संख्या म्हणजे दररोज दाखल होणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाच्या मुक्कामाचे सरासरी दिवस. दररोज ४० रुग्ण दाखल होत असतील आणि प्रत्येकाचा मुक्काम केवळ कागदांमुळे ६ तासांनी, म्हणजे पाव दिवसाने, लांबत असेल, तर १० खाटा कायमच्या त्या कागदांनी अडवलेल्या आहेत. नवी इमारत बांधण्याचा प्रस्ताव मांडण्यापूर्वी हा एक गुणाकार तरी करून पाहावा, एवढीच माझी माफक अपेक्षा असते.

व्यवस्थापनाला पचायला सर्वांत जड जाणारी गोष्ट मात्र पुढेच आहे. महागडे यंत्र आणि महागडा तज्ज्ञ सतत कामात असणे म्हणजे कार्यक्षमता, ही समजूत फार खोल रुजलेली आहे. समजा, एका तपासणीला सरासरी २० मिनिटे लागतात, आणि रुग्णांचे येणे व प्रत्येकाला लागणारा वेळ दोन्ही अनियमित आहेत. रांगेच्या अगदी सोप्या गणितानुसार ते यंत्र ८० टक्के वेळ व्यग्र असेल तर सरासरी प्रतीक्षा तपासणीच्या वेळेच्या चौपट, म्हणजे ८० मिनिटे येते. व्यग्रता ९० टक्क्यांवर गेली की प्रतीक्षा नऊपट, म्हणजे ३ तास होते, आणि ९५ टक्क्यांवर एकोणीसपट, म्हणजे ६ तास २० मिनिटे. प्रत्यक्षात वेळा ठरवून दिल्याने हे आकडे सौम्य होतात. वक्ररेषेचा आकार मात्र तोच राहतो. यंत्राचा शेवटचा १५ टक्के रिकामा वेळ ‘वाचवण्याची’ किंमत रुग्ण आपल्या तासांनी मोजतो, पण ती ताळेबंदात कुठेच लिहिली जात नसल्याने सर्वांना तो व्यवहार फायद्याचा वाटतो.

जपानी परिभाषेत मुदा म्हणजे वाया जाणारे, मुरा म्हणजे अनियमितता आणि मुरी म्हणजे अतिताण. सल्लागारांच्या सादरीकरणांत मुदाचे सात प्रकार रंगीत चौकटींत येतात, उरलेल्या दोघांचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपतो. रुग्णालयात खरा उपद्रव अनियमिततेचा असतो आणि तिचा मोठा भाग आपणच निर्माण केलेला असतो. तातडीचे रुग्ण केव्हा येतील हे आपल्या हाती नाही, असे आपण म्हणतो. पण आठवड्याचे आकडे मांडले तर तातडीच्या रुग्णांची संख्या बऱ्यापैकी एकसारखी आढळते आणि वर-खाली होते ती आगाऊ ठरवलेल्या शस्त्रक्रियांची. यूजीन लिटवाक यांनी अमेरिकेतील रुग्णालयांत हेच दाखवून दिले. शल्यचिकित्सकांना आठवड्याच्या सुरुवातीचे दिवस सोयीचे वाटतात, म्हणून मोठ्या शस्त्रक्रिया त्याच दिवसांत एकवटतात. मग आठवड्याच्या मध्याला अतिदक्षता विभाग भरून वाहतो आणि शनिवार-रविवारी खाटा मोकळ्या राहतात. शस्त्रक्रियांचे वेळापत्रक पाच दिवसांत सारखे वाटणे हा कागदावर अर्ध्या दिवसाचा उद्योग आहे. प्रत्यक्षात त्याला कित्येक महिने लागतात, कारण कोणाचा सोमवार काढून घ्यायचा हा प्रश्न गणिताचा नसून मानापमानाचा असतो.

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील फ्लिंडर्स मेडिकल सेंटरचे उदाहरण मला याच कारणासाठी मोलाचे वाटते. तिथे २००३ च्या सुमारास तातडीच्या विभागाची फेररचना झाली, तेव्हा रुग्णांची विभागणी आजाराच्या तीव्रतेच्या अनेक पायऱ्यांऐवजी एका सरळ प्रश्नावर करण्यात आली : हा रुग्ण तपासून घरी जाण्याची शक्यता अधिक आहे की दाखल होण्याची? दोन प्रवाह, दोन स्वतंत्र चमू, आणि जीवघेण्या अवस्थेतले रुग्ण वगळता प्रत्येक प्रवाहात आल्या क्रमाने तपासणी. त्यापूर्वी किरकोळ दुखापतीचा रुग्ण दर वेळी मागे ढकलला जाई आणि अखेर कंटाळून न तपासताच निघून जाई; फेररचनेनंतर असे निघून जाणाऱ्यांचे प्रमाण घटले. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागले नाही की नवे दालन बांधावे लागले नाही.

आता दुसऱ्या खांबाकडे, म्हणजे दोष तिथल्या तिथे थांबवण्याकडे, वळतो. वॉर्डात सलाइनमधून औषध मोजून सोडणारे इन्फ्युजन पंप नेहमीच ‘कमी’ असतात. खरेदी विभागाच्या नोंदीनुसार ते पुरेसे असतात आणि सिस्टरांच्या म्हणण्यानुसार कधीच मिळत नाहीत. दोन्ही विधाने खरी असू शकतात. रात्रपाळीला एकदा पंपासाठी चार वॉर्ड पालथे घातलेली सिस्टर पुढच्या वेळी मोकळा झालेला पंप भांडाराकडे परत पाठवत नाही. ती तो चादरींच्या कपाटात, खालच्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवते. तिच्या जागी कोणीही हेच करील. पण प्रत्येक वॉर्डाने असे केले की टंचाई आणखी वाढते आणि लपवण्याची गरजही. तपासणी पथक येऊन कपाटे उघडते, पंप जप्त करते, परिपत्रक निघते, आणि काही आठवड्यांत पंप वेगळ्या कपाटात जातात. उपाय एकच आहे : मागितल्यावर दहा मिनिटांत पंप येतो, असा अनुभव सलग काही आठवडे द्यायचा आणि एखाद्या वेळी आला नाही, तर का आला नाही हे त्याच दिवशी शोधायचे.

अडचण अशी की सिस्टरची ही रोजची कसरत कोणालाच दिसत नाही. ती कुशल असते, वेळ मारून नेते, रुग्णाचे काम होते, आणि दोष जिथल्या तिथे राहतो. अमेरिकेत अनिता टकर आणि एमी एडमंडसन यांनी परिचारिकांच्या कामाचे निरीक्षण करून हेच मांडले की अडथळा आला की तो तात्पुरता ओलांडला जातो, पण मुळाशी जाण्यासाठी तो वर कळवला जात नाही. टोयोटाच्या जुळवणी-रेषेवर कामगाराने दोरी ओढली की त्याचा प्रमुख तत्काळ शेजारी येऊन उभा राहतो. त्या दोरीचे महत्त्व दोरीत नाही, धावत येणाऱ्या माणसात आहे. रुग्णालयात तक्रारपेटी असते, ‘इन्सिडंट फॉर्म’ असतो, आता ॲपही असते. येणारा माणूस नसतो.

अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या व्हर्जिनिया मेसन या रुग्णालयाने हा माणूस निर्माण करण्याचा प्रयत्न केला. २००२ मध्ये तिथले वरिष्ठ अधिकारी आणि डॉक्टर जपानमध्ये जाऊन कारखान्यांतले काम पाहून आले, आणि रुग्णाला धोका दिसताच कोणत्याही कर्मचाऱ्याने इशारा देऊन काम थांबवावे, अशी व्यवस्था त्यांनी सुरू केली. तरीही २००४ मध्ये तिथे एका रुग्णेला तपासणीच्या द्रवाऐवजी जंतुनाशक टोचले गेले आणि तिचा मृत्यू झाला. दोन्ही द्रव दिसायला सारखेच रंगहीन होते आणि लेबल नसलेल्या वाट्यांत होते. रुग्णालयाने चूक जाहीरपणे मान्य केली आणि रुग्णसुरक्षा हे संस्थेचे एकमेव उद्दिष्ट ठरवले. इशाऱ्यांची व्यवस्था आधीपासून असूनही हे घडले, याचा मी असा अर्थ लावतो की पद्धत कागदावर येणे आणि टेबलावरची निनावी वाटी पाहून कोणीतरी ‘थांबा’ म्हणणे, यांत अनेक वर्षांचे अंतर असते.

याच कारणाने एका फटक्यात सर्वत्र लीन राबवण्याच्या योजनांविषयी मी साशंक आहे. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताने २०१२ च्या सुमारास संपूर्ण प्रांताच्या आरोग्यव्यवस्थेसाठी एका अमेरिकी सल्लागार कंपनीशी कोट्यवधी डॉलरचा करार केला; परिचारिकांच्या संघटनेसह अनेकांनी त्यावर कडाडून टीका केली आणि करार मुदतीआधीच आटोपता घ्यावा लागला. लीनवरील अभ्यासांचे २०१६ मधील एक पुनरावलोकनही फारसे उत्साहवर्धक नाही : रुग्णांचे समाधान आणि आरोग्य यांत ठोस सुधारणा आढळली नाही, आणि कर्मचाऱ्यांच्या समाधानाशी संबंध उलटाच दिसला. हे वाचून पद्धत टाकाऊ आहे असा निष्कर्ष मी काढत नाही. पण सुधारणेतून वाचलेला वेळ पदे कमी करण्यासाठी वापरला, तर पुढच्या वेळी कोणी स्वतःहून वाया जाणारा वेळ दाखवून देईल, ही अपेक्षा भाबडी आहे. सुधारणेमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही, हे लेखी द्यावे आणि ते पाळावे. साठ्याबाबतही तारतम्य हवे. २०२० मध्ये मास्क आणि संरक्षक पोशाख यांची जी टंचाई जगभर झाली, तिने दाखवून दिले की नेहमीच्या सामग्रीचा साठा कमी ठेवणे आणि आपत्तीसाठीचा साठाच न ठेवणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कोणी सुरुवात कुठून करावी असे विचारले, तर मी एकच वॉर्ड आणि एकच मोजमाप सुचवतो : ‘घरी जाऊ शकतो’ हा निर्णय झाल्यापासून रुग्ण दाराबाहेर पडेपर्यंतचा वेळ. त्याची सरासरी काढू नये, कारण दोन-चार झटपट गेलेले रुग्ण बाकीच्यांचे हाल झाकून टाकतात; प्रत्येक रुग्णाची वेळ वॉर्डातल्याच फलकावर हाताने लिहावी, सुटीचे दिवस वेगळे दाखवावेत, आणि सर्वाधिक ताटकळलेल्या रुग्णाचा कागद त्या दिवशी कुठे किती वेळ पडून होता, हे दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फलकासमोर उभे राहून विचारावे. विचारणारी व्यक्ती अशी असावी की जिच्या एका फोनने प्रयोगशाळेची सही आणि फार्मसीची फेरी, दोन्हींच्या वेळा बदलू शकतात.