विजेची स्कूटर घेताना मांडलेला हिशेब

फोंडा ते पणजी, रोजची ये-जा साठेक किलोमीटरची. जुनी पेट्रोल स्कूटर लिटरला 45 द्यायची, म्हणजे किलोमीटरला दोन रुपयांहून जास्त नुसत्या पेट्रोलचे. विजेच्या स्कूटरला शंभर किलोमीटरला तीन-साडेतीन युनिट लागतात. युनिटला सहा रुपये धरले तरी किलोमीटरला अठरा ते एकवीस पैसे. शिवाय जीएसटी 5 टक्के, नोंदणी शुल्क माफ, थर्ड पार्टी विम्यात 15 टक्के सूट. पैशांचा प्रश्न तिथेच मिटला.

मला छळत होता तो कोळसा. गोव्यात बाहेरून वीज आणणारी तम्नार प्रकल्पाची वाहिनी मोलेच्या जंगलातून जाणार म्हटल्यावर 2020 साली आंदोलनात मीही होते. गोव्यात स्वतःची वीज जवळजवळ तयारच होत नाही. येते त्यातली बरीचशी छत्तीसगडच्या कोरब्यासारख्या कोळशाच्या केंद्रांतून. मग मी फक्त फोंड्याचा धूर कोरब्याला पाठवणार का?

कागद-पेन घेऊन बसले. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे माझ्या स्कूटरचा किलोमीटरला 50 ग्रॅम. देशाच्या ग्रिडवर युनिटमागे साधारण 0.7 किलो, म्हणजे विजेच्या स्कूटरचा 25 ग्रॅमच्या आतबाहेर. कोळशाची वीज धरूनही निम्मा! बॅटरी बनवताना होणारं प्रदूषण वेगळं. तीन युनिट वीज साठवणाऱ्या बॅटरीमागे अडीचशे किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर दहा हजार किलोमीटरमध्ये ते फिटतं. माझं तेवढं धावणं वर्षाच्या आत होतं. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी 2022 च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा तीही काळजी थोडी कमी झाली.

खरी कसोटी पुढे, सोसायटीत. पार्किंगमध्ये सॉकेट हवा म्हटल्यावर सेक्रेटरी काका म्हणाले, "बाय, पावसात शॉर्ट झाला तर सगळी बिल्डिंग जळेल." भीती खोटी नव्हती; आमच्या पार्किंगमध्ये जून-जुलैत भिंतींना ओल येते. मी वायरमनलाच सभेत घेऊन गेले. त्याने समजावलं की हा चार्जर गिझरपेक्षाही कमी वीज ओढतो. वायर माझ्याच मीटरवरून येणार, पाइपातून. भार वाढला तर वीज तोडणारा वेगळा एमसीबी, गळती झाली तर वीज तोडणारा आरसीसीबी, नीट अर्थिंग आणि झाकणाची वॉटरप्रूफ पेटी. मग काकांनीच जागा दाखवली, भिंतीवर कमरेच्या वर, पाणी साचलं तरी पोचणार नाही अशी. परवानगीचं पत्र त्याच आठवड्यात मिळालं. हिरव्या नंबर प्लेटला मात्र शोरूमच्या बऱ्याच खेपा पडल्या.

आता डोळा गच्चीवर आहे. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला सामायिक वापराच्या सोलरसाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात, त्यात गाड्यांचं चार्जिंगही येतं. पुढच्या सर्वसाधारण सभेसाठी हा विषय मी लेखी दिला आहे, आणि त्यावर दुसरी सही काकांची आहे.