दुपार नव्हे, रात्र

आमच्या चित्रपट अभिलेखागारात त्या दिवशी तपासणीला आलेला मूकपट मी आधी पाहिला होता, पण तो नंतरच्या काळात काढलेल्या कृष्णधवल प्रतीतून. कामात बुडालेला, बायको बोलत असताना मानही वर न करणारा नवरा आणि तिला भेटायला येणारा त्याचाच मित्र, एवढीच गोष्ट. मित्र बागेच्या फाटकातून येतो ते दृश्य लख्ख उन्हातले असल्यामुळे ती भेट निरुपद्रवी वाटे आणि नवऱ्याचा पुढचा संताप अनाठायी.

आता मूळ नायट्रेट रीळ हाती आले होते. हे भाग्य क्वचितच लाभते, कारण पाण्याखालीही जळत राहणारी ही फिल्म सांभाळणे धोक्याचे असल्याने प्रत निघाल्यावर मूळ रिळे अनेकदा नष्ट केली गेली. यंत्राचे दाते ज्यांत अडकतात ती फिल्मच्या कडेची भोके फाटलेली होती, म्हणून रीळ हातानेच, सावकाश उलगडत गेलो. लाइट टेबलावर फाटकाचे दृश्य आले आणि मी थबकलो. ते गडद निळे होते.

त्या काळच्या फिल्मला भरपूर प्रकाश लागे. रात्रीचे बाह्यचित्रण जिकिरीचे असल्याने दृश्य उन्हात टिपत आणि प्रदर्शनाच्या प्रतीला निळा रंग देऊन रात्र दाखवत. दिव्याच्या उजेडातल्या खोलीला पिवळसर केशरी छटा देत. प्रेक्षकांना हा संकेत पाठ होता. कृष्णधवल प्रत काढताना नेमका तोच गळून पडला होता.

प्रत्येक रंगाचे तुकडे वेगळे रंगवून मग जोडत असल्यामुळे रंग बदलतो तिथे जोड सापडतो. भिंगाखाली इथे जोडामागून जोड येत होते: निळे फाटक, केशरी उजेडात हिशेबाच्या वहीवर वाकलेला नवरा, पुन्हा निळी बाग, पुन्हा तीच वही. एका फ्रेममध्ये तो वहीवरची नजर न काढता, चाचपडतच दिव्याची वात मोठी करतो. कृष्णधवल प्रतीत वेगवेगळ्या दिवसांची भासणारी ही दृश्ये एकाच रात्रीची होती. मला विचाराल तर दिग्दर्शकाने इथे बायकोइतकेच नवऱ्यालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, तेही मजकुराची एकही पाटी न वापरता.

प्रत्येक जोडाची जागा आणि रंग तपासणीच्या तक्त्यात नोंदवला. शेवटचे काही फूट कुजून चिकट झाले असल्याने नवराबायकोच्या अखेरच्या प्रसंगाचा रंग ओळखता आला नाही. नव्या प्रतीत तो अंदाजाने भरू नये, अशी शिफारस मी अहवालात केली.