मालेगावचा सुपरमॅन आणि सांगवीचा पांडुरंग

रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा कथापट जळगावात घरीच पाहिला आणि लगेच फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा २००८ सालचा माहितीपट मिळवून पाहिला. खानदेशाच्या उंबरठ्यावरच्या या गावात यंत्रमागावर राबणारा किडकिडीत शफीक शेख गावच्याच हौशी चित्रपटात सुपरमॅन होतो आणि दिग्दर्शक नासिर शेख हिरव्या पडद्यासमोर त्याला उडवतात, हे प्रत्यक्ष पाहताना जे हसू येते ते कथापटात थोडे घोटीव होते. अर्थात, विनीतकुमार सिंह यांनी साकारलेल्या लेखकाची कडवट तडफड मात्र कथापटाचीच कमाई आहे. त्या एका भूमिकेसाठी मी तो पुन्हा पाहीन.

याच दिवसांत भालचंद्र नेमाडे यांची १९६३ ची ‘कोसला’ ही कादंबरी पुन्हा वाचली. पुण्यातल्या वसतिगृहाची टवाळी कॉलेजात असताना फार आवडली होती (तेव्हा आम्ही सगळेच स्वतःला तिचा नायक पांडुरंग सांगवीकर समजत असू). या वेळी ती पाने भरभर उलटली गेली आणि त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी वाचन थांबले. देवीच्या साथीने नेलेल्या त्या पोरीविषयी पांडुरंग जे बडबडतो, त्याहून भेदक शोक मराठी गद्यात मी तरी वाचलेला नाही.